उतारा, बांध आणि घरातली तक्रार

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेत दरवर्षी प्राध्यापक, लेखक, कीर्तनकार बोलतात. या वर्षी कार्यकर्त्यांनी मला बोलावलं. मी व्याख्याता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या मोजणी खात्यात लागलो आणि गेली वीसहून अधिक वर्षं लोकांच्या बांधावर उभा आहे. मी म्हटलं, "माझ्याकडे बोलायला काय आहे? साखळी, टेबल आणि भांडणं." तर एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "तेच बोला. इथं बसलेल्या निम्म्या घरांत एक तरी जमिनीचा दावा आहे." ते खरं असावं, कारण या वाक्यावर आत्ता तुमच्यातले बरेच जण हसले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मी सरकारी नोकर आहे. सीमाभागातला जो सगळ्यात मोठा वाद आहे, त्यावर मी बोलणार नाही. तो सर्वोच्च न्यायालयात आहे. मी बोलणार आहे तो दोन गुंठ्यांचा, एका बांधाचा, उताऱ्यावरच्या एका नावाचा वाद. तो सोडवायला कुठल्या दारात जायचं, किती दिवसांत जायचं आणि तिथं काय मिळतं, काय मिळत नाही, एवढंच सांगतो. शेवटी आमच्या घरची गोष्टही सांगणार आहे, कारण ती लपवून हा विषय बोलणं मला बरं वाटत नाही.

आधी थोडं मागं जाऊ. जमिनीचे तंटे आपल्याकडे नवे नाहीत. मराठेशाहीत वतनाचा किंवा शेताचा वाद उभा राहिला की गोतसभा बसायची. गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते लोक असे सगळे जमायचे. साक्षी व्हायच्या, निवाडा व्हायचा आणि त्याचा महजर लिहिला जायचा. खाली सगळ्यांच्या निशाण्या असायच्या, कुणब्याचा नांगर, सुताराची किकरे. तुमच्यापैकी काहींच्या घरी मोडीतले असे जुने कागद पेटीच्या तळाशी असतील. त्या पद्धतीत दोष होतेच. दुबळ्याची आणि बाईची साक्ष किती ऐकली जायची, हा प्रश्न आहेच. पण निवाडा गावासमोर व्हायचा आणि सगळ्यांना समजेल अशा भाषेत व्हायचा. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढं लागतील.

इंग्रज आले आणि मुंबई इलाख्यात मोजणी झाली. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे माप तेव्हापासून आपल्या तोंडात बसलं. १८७९ चा जमीन महसूल कायदा आला, १९०३ पासून हक्कनोंदणी सुरू झाली. बेळगाव जिल्हा १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपले जुने कागद आणि पलीकडच्या कागल, गडहिंग्लज, चंदगडचे कागद एकाच साच्याचे आहेत. आजही आपल्या कन्नड उताऱ्यावर हिस्सा, खाते, खराब, आकार असे शब्द दिसतात. तहसीलदार आणि कचेरी तर दोन्हीकडे तेच आहेत. लिपी बदलली, दफ्तर तेच राहिलं.

पण १ नोव्हेंबर १९५६ नंतर कायद्याची वाट दोन ठिकाणी गेली आणि त्याचा फटका आपल्या भागातल्या कुळांना बसला. हे फार लोकांना माहीत नाही. मुंबई राज्याच्या कुळकायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मानीव खरेदीदार झालं. पुढं ३२ ग ची चौकशी, किंमत भरणं आणि ३२ म चा दाखला. कागल तालुक्यातल्या कुळाला हा मार्ग १९५७ मध्ये मिळाला. आपल्या बाजूला म्हैसूर राज्याने त्या तरतुदी स्थगित ठेवल्या. एकाच ओढ्याच्या दोन काठांवर दोन भाऊ कूळ म्हणून राबत असतील, तर एक मालक होण्याच्या वाटेला लागला आणि दुसरा कूळच राहिला. दुसऱ्याला वाट बघावी लागली ती १ मार्च १९७४ पर्यंत. देवराज अर्स यांच्या सरकारने जमीन सुधारणा कायद्यात केलेली दुरुस्ती त्या दिवशी अमलात आली. कुळाकडची जमीन सरकारजमा झाली आणि कुळाने सात नंबरचा फॉर्म भरून ती आपल्या नावे मागायची, असं ठरलं. सतरा वर्षांचा फरक पडला. या सतरा वर्षांत किती कुळांना जमिनीवरून उठवलं गेलं असेल, हे जुन्या माणसांना विचारा.

त्या कायद्याने तंटा सोडवायची एक वेगळी व्यवस्था केली. तालुक्याला भूमी न्यायाधिकरण, त्याचे अध्यक्ष प्रांत आणि सोबत सरकारने नेमलेले चार सदस्य. दिवाणी कोर्टाला या प्रश्नात हात घालायला मनाई होती. सुरुवातीला तर वकिलांनाही तिथं उभं राहता येत नव्हतं. हेतू चांगला होता. मालकाला वकील परवडतो, कुळाला परवडत नाही, म्हणून दोघांनी आपापलं तोंडाने सांगायचं. पुढं १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांवरची ती बंदी रद्द केली. फॉर्म भरायची मुदत वाढत वाढत ३० जून १९७९ पर्यंत गेली. निकाल विरुद्ध गेला तर हायकोर्ट, आणि हायकोर्ट म्हणजे तेव्हा बेंगळूर. दोन एकरांसाठी रात्रभर एसटीने बेंगळूर गाठणारी माणसं आपल्याच भागातली होती. २००८ मध्ये धारवाडला खंडपीठ सुरू झालं, तेव्हा कुठं ते अंतर कमी झालं.

आता आजचं बोलू. जमिनीची तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, "तुमची तक्रार नोंदीची आहे, हद्दीची आहे की हक्काची?" बहुतेकांना हा फरक माहीत नसतो, आणि चुकीच्या दारात पाच-दहा वर्षं जातात.

पहिली तक्रार नोंदीची. खरेदी झाली, वडील वारले, वाटणी झाली, तर वर्दी द्यावी लागते. ती तलाठ्याकडे किंवा नाडकचेरीत जाते. आता अधिकाऱ्याचं नाव बदललं आहे, आपण तलाठीच म्हणतो. नोंद करण्याआधी संबंधितांना नोटीस निघते आणि चावडीवर लावली जाते. नोटिशीत हरकतीची मुदत लिहिलेली असते. आपल्याकडचा माणूस नोटीस घेतो, कन्नडमध्ये आहे म्हणून देवघरात ठेवतो आणि मुदत संपल्यावर कुणाला तरी वाचायला देतो. असं करू नका. हरकत असेल तर मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. हरकत आली की ते प्रकरण तंट्याच्या नोंदवहीत जातं आणि अधिकाऱ्याला दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यावा लागतो. हरकत आलीच नाही तर नोंद मंजूर होते, मग ती खरी असो की खोटी.

मंजूर झालेली नोंद मान्य नसेल तर प्रांताकडे अपील. निकाल कळल्यापासून किंवा नोंदीची माहिती झाल्यापासून ६० दिवस. हा आकडा घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते. हे सगळं कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ मध्ये आहे, कलम १२८ ते १३६. पलीकडे जमीन असेल तर तिथं महाराष्ट्राची १९६६ ची संहिता लागू होते. तिथले अधिकारी आणि मुदती वेगळ्या. इकडचा नियम तिकडे चालवू नका.

दुसरी तक्रार हद्दीची. बांध कोरला, वाट अडवली, दगड हलवला. इथं वर्दी उपयोगाची नाही, अपीलही नाही. मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, शेजाऱ्यांना नोटीस जाते आणि आम्ही येतो. मोजणी म्हणजे निवाडा नाही, एवढं समजून घ्या. जुना नकाशा जमिनीवर कुठं बसतो ते आम्ही दाखवतो. माझ्या हद्दीच्या खुणेपलीकडे शेजारी तीस वर्षं पेरत असेल, तर त्याला उठवणं माझं काम नाही, ते कोर्टाचं आहे. आणि बारा वर्षांहून जास्त काळ उघडपणे, मालकाला न जुमानता ताबा असेल तर तो कायद्यात वेगळाच प्रश्न होऊन बसतो. म्हणून मी सांगतो, बांध सरकला की पहिल्या पावसाळ्यात बोला, विसाव्या पावसाळ्यात बोलू नका. हिश्श्याची विक्री किंवा वाटणी करणार असाल तर आधी ११ ई चा नकाशा करून घ्या. पूर्वी लोक "पूर्वेकडचा अर्धा" असं खरेदीखतात लिहायचे. पूर्व कुठून सुरू होते, यावर दोन पिढ्या भांडल्या आहेत.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये सलोखा नावाची योजना काढली. दोन शेतकऱ्यांचा ताबा एकमेकांच्या जमिनीवर बारा वर्षांहून अधिक असेल, तर त्यांनी आपसात अदलाबदल करायची. मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. त्याआधी २००७ मध्ये तिथं तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली होती. तुमच्यापैकी ज्यांची जमीन कागल, गडहिंग्लज, चंदगडकडे आहे त्यांनी तलाठ्याकडे याची चौकशी जरूर करावी.

तिसरी तक्रार हक्काची. जमीन कुणाची, वाटा कुणाला किती, मृत्युपत्र खरं की खोटं. याचा शेवटचा निकाल महसूल खात्यात होत नाही. तो दिवाणी कोर्टात होतो. इथं लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. उताऱ्यावर नाव आलं म्हणजे मालक झालो असं ते समजतात. कायदा म्हणतो, नोंद खरी मानायची, पण विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. उतारा हा पुरावा आहे, मालकी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. जगात काही ठिकाणी याउलट पद्धत आहे. ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स नावाची पद्धत सुरू झाली. तिथं सरकारी नोंदवहीत नाव लागलं की हक्काची हमी सरकार घेतं. आपल्याकडे तशी हमी नाही. म्हणून उताऱ्याबरोबर मूळ कागद सांभाळावे लागतात. खरेदीखत, वाटणीपत्र, न्यायाधिकरणाचा निकाल, दहा नंबरचा दाखला.

कोर्ट म्हटलं की लोक घाबरतात, ते बरोबर आहे. वाटणीचा दावा आजोबांनी लावायचा आणि निकाल नातवाने ऐकायचा, हे आपण पाहिलं आहे. पण कोर्टाच्या आवारातच लोकअदालत बसते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली ती चालते. दोन्ही बाजूंना मान्य असेल तरच तडजोड होते, झाली की ती कोर्टाच्या हुकुमाइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. शिवाय त्याच कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. किती बहिणींना हे माहीत आहे? हात वर करा म्हणत नाही, पण घरी सांगा.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०१२ मध्ये जमिनीच्या हक्कांबद्दल काही मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली. त्यात तंटे सोडवणारी व्यवस्था कशी असावी हे लिहिलं आहे. ती वेळेत निकाल देणारी, परवडणारी आणि लोकांच्या हाताशी असलेली हवी. वाचल्यावर मला गोतसभेचीच आठवण झाली. गावासमोर निवाडा आणि समजणारी भाषा.

भाषेचा मुद्दा आला, तर तोही स्पष्ट बोलतो. आपल्या राज्यघटनेत ३५० वं कलम आहे. कुठलीही व्यक्ती आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात किंवा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडू शकते. म्हणजे मराठीत अर्ज देणं हा तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी कुणाशी वाद घालायची गरज नाही. पण खात्यातला माणूस म्हणून अनुभवाचं सांगतो. मराठी अर्जाला सोबत कन्नड प्रत जोडा, काम लवकर होतं. आणि उताऱ्यापुरतं कन्नड वाचायला शिका. वीस-पंचवीस शब्द आहेत. आपल्या जमिनीचा कागद दुसऱ्याने वाचून सांगितल्याशिवाय कळत नाही, ही परिस्थिती धोक्याची आहे. मग भाषा कुठलीही असो.

दोन साधनं आणखी. २००० च्या सुमारास भूमी योजनेत आपले उतारे संगणकावर आले, हाताने लिहिलेल्या उताऱ्याचा काळ संपला. त्यामुळे तलाठ्याच्या दारात उभं राहणं कमी झालं, पण जुन्या वहीतली चूकही जशीच्या तशी संगणकावर आली. म्हणून वर्षातून एकदा, पाडव्याला म्हणा, उतारा काढा. नऊ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं, दहात ते कसं आलं ते, अकरात बोजा आणि इतर हक्क, बारात कसणारा. चारही रकाने वाचा. दुसरं साधन म्हणजे सकाल सेवा. २०११ च्या कायद्याने राज्य सरकारच्या बऱ्याच सेवांना दिवस ठरवून दिले. अर्ज दिला की नंबर मिळतो. तो नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आता आमच्या घरची गोष्ट.

माझं गाव निपाणी भागातलं, सीमेच्या अलीकडचं. आजोबा कूळ होते. दोन एकर अठरा गुंठे तंबाखूची जमीन. त्यांनी मुदतीत सात नंबरचा फॉर्म भरला. १९८१ मध्ये, म्हणजे निपाणीला तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं त्याच वर्षी, त्यांच्या बाजूने निकाल झाला. त्यांनी ठरलेली रक्कम भरली आणि दहा नंबरचा दाखला घेतला. आजोबांना वाटलं, झालं. दाखला पत्र्याच्या पेटीत गेला. कुठल्या तरी कचेरीतून कुठल्या तरी कचेरीत एक प्रत जायची होती, ती गेली नाही. उताऱ्यावर नवव्या रकान्यात जुन्या मालकाचंच नाव राहिलं, बाराव्यात आजोबांचं. १९८६ मध्ये आजोबा वारले. २००४ मध्ये वडील पीककर्जाला गेले तेव्हा हे कळलं. जमीन आमची, पेरतो आम्ही, आणि कागदावर तेवीस वर्षं दुसऱ्याचं नाव.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. पेटी उघडली, दाखला मिळाला. निकालाची नक्कल काढली, अर्ज केला, चकरा मारल्या. दोन वर्षांनी आजोबांचं नाव लागलं. लगेच वारसाची वर्दी द्यायची होती. वंशावळ लिहायची, त्यावर प्रतिज्ञापत्र करायचं. घरात लिहिता-वाचता आणि कन्नड येणारा मी. वडील म्हणाले, "माझं आणि काकाचं नाव घाल. आत्याचं राहू दे. ती कागल भागात दिली, नोटीस तिकडे जायची, सही यायला वर्ष जाईल. कर्ज अडकलंय."

मी आत्याचं नाव घातलं नाही.

मला कायदा माहीत नव्हता असं नाही. कर्नाटकाने आणि महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला होता, त्यावेळी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने लग्नाची ती अट गेली. आणि आमच्या बाबतीत तर, आजोबा वारल्यावर त्यांच्या वाट्यात मुलगी म्हणून आत्याचा हक्क १९५६ च्या वारसा कायद्यानेच आला होता. नोटीस निघाली, चावडीवर लागली. चावडीवरची नोटीस सीमेपलीकडे नांदणाऱ्या बाईला कशी दिसणार? हरकत आली नाही, नोंद मंजूर झाली. अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्यासमोर आलेली वंशावळच खोटी होती.

दहा वर्षांनी वडील आणि काका वेगळे झाले. वाटणीची वर्दी दिली. या वेळी गावातल्या कुणीतरी आत्याच्या मुलाला फोन केला. त्याने मुदतीत हरकत दिली. प्रकरण तंट्यात गेलं आणि तारीख लागली. आत्या आली. वय सत्तरीच्या पुढं, कागलहून एसटीने. फाइलमधली वंशावळ तिच्यापुढं ठेवली. तिला कन्नड वाचता येत नाही. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

कुणी बोललं नाही. मी म्हटलं, "आत्या, मी."

ती काही म्हणाली नाही. साहेबांनी सांगितलं की हा हक्काचा प्रश्न आहे, दिवाणी कोर्टात जा. आत्याने दावा लावला. ती दोन वर्षं गौरी आणायला माहेरी आली नाही. आमच्याकडे गौरी आईने आणि काकूने आणल्या. उंबऱ्यावर पावलं उमटवताना माहेरवाशीण कोण, हा प्रश्न घरात कुणी तोंडावर घेतला नाही.

शेवटी लोकअदालतीत मिटलं. तिथल्या न्यायाधीशांनी तिघा भावंडांना समोरासमोर बसवलं आणि वकिलांना थोडं गप्प राहायला सांगितलं. कायद्याने आत्याचा वाटा जास्त झाला असता. तिने विहिरीकडचे अठरा गुंठे मागितले आणि वंशावळ दुरुस्त करून मागितली. दुसरी मागणी तिने पहिल्यांदा सांगितली. ११ ई चा नकाशा दुसऱ्या सर्व्हेअरने केला, मी त्या दिवशी शेतात गेलो नाही. नवी वंशावळ मीच लिहिली, कन्नडमध्ये, आणि शेजारी मराठीत. आत्याने ती मराठीतून वाचली आणि सही केली.

हे सगळं मी इथं का सांगतो? कारण आपण तक्रार निवारणाबद्दल बोलतो तेव्हा तलाठी, प्रांत, कोर्ट, सरकार यांच्याबद्दल बोलतो. त्यांच्यात दोष आहेत. आजोबांचा दाखला तेवीस वर्षं कागदावर आला नाही, तो दोष व्यवस्थेचाच. पण माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी जे तंटे पाहिले, त्यातले निम्म्याहून अधिक घराच्या आतून सुरू झालेले होते. तिथं कुठलंही न्यायाधिकरण बसत नाही. वंशावळ लिहिणारा हातच चुकला तर पुढची सगळी दारं उशिरा उघडतात, आणि तोवर माणसं म्हातारी होतात.

आपल्यातल्या बऱ्याच घरांतल्या मुली कोल्हापूर, सांगली, पुण्याकडे दिल्या आहेत. चावडीवरची नोटीस त्यांना दिसत नाही. म्हणून माझी एकच विनंती. या वर्षी वारसाची किंवा वाटणीची वर्दी देणार असाल, तर आधी बहिणीला फोन करा. तिला हक्क सोडायचा असेल तर ती समजून-उमजून, रजिस्टर हक्कसोडपत्र करून सोडेल. नको असेल तर तिचा वाटा तिला द्या. गप्प बसून तिचं नाव गाळू नका. त्या गप्प बसण्याला नंतर कोर्टाची फी, वकिलाची फी आणि माहेर, असं तिहेरी मोल द्यावं लागतं.

आत्या गेल्या वर्षी गौरीला आली होती. वडिलांशी जेवढ्यास तेवढं बोलते, पूर्वीसारखं नाही. माझ्याशी बोलते. जाताना म्हणाली, "उतारा काढलास की मला एक प्रत पाठव. नाव बघायला बरं वाटतं." या पाडव्याला पाठवली.

व्याख्यानानंतर कुणाला आपला उतारा दाखवायचा असेल तर मंडपात मागच्या बाजूला बसतो. कागद वाचून सांगेन. तुमच्या बाजूचा निकाल सांगणार नाही, ते माझं काम नाही. कुठल्या दारात जायचं तेवढं सांगेन.



गणपती बाप्पा मोरया!